ग्वेनॅपच्या वह्यांतली माणसे

इंग्लंड म्हटले की आपल्या माणसांच्या डोळ्यांपुढे लंडन उभे राहते. त्यातही बाबासाहेब शिकले ते लंडन. माझी लेक तिकडे इस्पितळात नोकरीला आहे, तिच्याकडे चार महिने राहणे झाले आणि लंडनही पाहून झाले. परंतु आज ज्या गावाबद्दल लिहीत आहे ते लंडनपासून रेल्वेने जवळजवळ पाच तास दूर, देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. त्या मुलखाचे नाव कॉर्नवॉल आणि गावाचे नाव ग्वेनॅप. गाव म्हणजे एक जुने चर्च, चर्चपासून सुटा उभा असलेला घंटेचा मनोरा, मोजकी घरे आणि दोन्ही बाजूंनी दगडमातीचे उंच बांध असलेले अरुंद रस्ते. पर्यटकांच्या बसगाड्या इथे थांबत नाहीत. मीही थांबले नसते. पण लेकीच्या शेजारच्या बाईंना आपल्या खानदानाचा शोध घ्यायचा होता आणि त्यांना सोबत हवी होती.

या बाई सत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त ग्रंथपाल. मी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात एकतीस वर्षे काढलेली. जुन्या वह्या, पुसट शाई, उंदरांनी कुरतडलेले कोपरे हा माझा जन्माचा व्यवसाय. लेक म्हणाली, "आई, तुम्ही दोघी एकमेकींना बरोबर सापडलात." मोडक्या इंग्रजीवर माझे भागत होते. शिवाय दप्तराची भाषा सगळ्या जगात सारखीच असते, हे मला तिथे कळले.

बाईंच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. आमचे घराणे कॅप्टनांचे, असे ते अभिमानाने म्हणत. हा कॅप्टन लष्करातला नव्हे. कॉर्नवॉलच्या खाणींवर देखरेख करणाऱ्याला कॅप्टन म्हणतात. आपल्याकडच्या मुकादमापेक्षा वरचा आणि मालकापेक्षा खूप खालचा. बाईंचे पणजोबा असे कॅप्टन होते आणि ते हिंदुस्थानात कोलारच्या सोन्याच्या खाणीवर गेले, एवढे माहीत होते. पणजोबांच्या आधीचे मात्र कोणाला ठाऊक नव्हते. बाईंच्या धाकट्या भावाला नातवाच्या नामकरणाला वंशवृक्ष चौकटीत बसवून भेट द्यायचा होता. म्हणून हा सारा खटाटोप.

ग्वेनॅप आता शांत शेतीचा मुलूख वाटतो. पण एके काळी हा जुन्या जगातला सर्वांत श्रीमंत चौरस मैल आहे असे म्हटले जाई. जमिनीखाली तांबे होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातल्या तांब्यापैकी दोन तृतीयांश तांबे कॉर्नवॉल आणि शेजारच्या पश्चिम डेव्हनच्या पट्ट्यातून निघत होते, आणि त्यात ग्वेनॅपचा वाटा फार मोठा. आज रस्त्याने जाताना शेताच्या मध्येच ग्रॅनाइटची उंच, बिनछपराची इमारत दिसते, तिला चिकटून धुरांडे. पाणी उपसणारी वाफेची यंत्रे त्यात असत. आसपास खडीचे लालसर ढिगारे, काही ठिकाणी इतके विषारी की दोनशे वर्षांनंतरही गवत उगवत नाही. २००६ साली युनेस्कोने हा सगळा खाणपट्टा जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. श्रीमंती कोणाची, हे मात्र घरांचे आकार पाहिले की समजते. खाणमजुरांची घरे दोन खोल्यांची.

आता पॅरिश म्हणजे काय ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचे कळायचे नाही. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. आपल्याकडे ग्रामपंचायत, तलाठी आणि देवळाचे पंच हे सगळे एकाच टेबलाशी बसले असते तर जसे झाले असते, तसा तो कारभार. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची नोंद पाद्र्याने ठेवायची, असा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली काढला. तेव्हापासून इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशमध्ये वही आली. सुरुवातीच्या सगळ्याच वह्या टिकल्या नाहीत. कोणाच्या ओलीने गेल्या, कोणाच्या आगीत. सोळाशे पन्नासच्या दशकात राजा नव्हता, त्या काळात तर कित्येक ठिकाणी नोंदीच विस्कळीत आहेत. तरीसुद्धा साध्या मजुराचे घर दोन-अडीचशे वर्षे मागे नेता येते, हे ऐकून मी गप्पच झाले.

या वह्या आता चर्चमध्ये नसतात. रेडरुथ या शेजारच्या गावी क्रेसेन कर्नो नावाचे दप्तरखाने आहे. कॉर्निश भाषेत त्याचा अर्थ कॉर्नवॉलचे केंद्र. जुनी दारूची भट्टी होती, तिच्या भिंती राखून २०१९ साली ही इमारत उघडली. आत पेन चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. पिशवी कपाटात ठेवायची, हात धुऊन यायचे. कागद मागितला की वीसपंचवीस मिनिटांत मेजावर आणि खाली उशी. मी मनातल्या मनात आमच्या तळघरातल्या दप्तराशी तुलना केली, आणि ते इथे लिहीत नाही.

वह्या वाचायच्या तर काही खाचाखोचा ठाऊक असाव्या लागतात. १७५२ पर्यंत इंग्लंडात नवे वर्ष एक जानेवारीला नव्हे तर पंचवीस मार्चला सुरू होई. म्हणजे वहीत १७३० चा फेब्रुवारी लिहिलेला असेल तर आपल्या हिशेबाने तो १७३१ चा. बाप मार्चमध्ये मेला आणि मूल त्याच सालच्या एप्रिलमध्ये झाले असे वाचले, तर मूल बापानंतर झाले असे समजू नये. ते तब्बल अकरा महिने आधीचे. आडनावे लिहिणारा जसे ऐकेल तशी. एकाच माणसाचे आडनाव लग्नात एक, मुलाच्या बाप्तिस्म्यात दुसरे, दफनात तिसरे. त्यात कॉर्नवॉलची आडनावे गावांवरून पडलेली. त्रे म्हणजे वाडीवस्ती, पोल म्हणजे डोह, पेन म्हणजे टोक. एका वाडीवरून चार असंबंधित घराण्यांची नावे पडू शकतात. आणि पाळण्यातली नावे तर मोजकीच, विल्यम, जॉन, थॉमस, एलिझाबेथ, मेरी. एका पॅरिशमध्ये एका नावाचे पाच विल्यम! एखादे मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव देत. त्यामुळे वहीत एकाच आईबापांचे तीन जॉन सापडले तर चूक समजू नये. दोन जॉन गेलेले असतात.

१८०१ पासून दर दहा वर्षांनी शिरगणती झाली, पण माणसांची नावे सगळीकडे लिहिली गेली १८४१ पासून. त्या वेळी पंधरा वर्षांवरच्यांचे वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचे असा नियम होता. एकोणचाळीसचा माणूस पस्तीसचा! आमच्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यावर अर्ध्या वर्गाचा जन्म एक जूनचा असतो. त्याची आठवण येऊन मला हसू आले आणि बाईंना ते समजावून सांगताना आणखीच हसू आले. पुढे १८५१ च्या शिरगणतीत जन्मगाव लिहिले गेले, आणि शोध घेणाऱ्याच्या हाती खरी दोरी तिथे लागते.

आम्हाला दोरी तिथेच लागली. पणजोबांचे वडील, म्हणजे बाईंचे खापरपणजोबा, १८५१ मध्ये चोवीस वर्षांचे, धंदा तांब्याच्या खाणीत मजूर, जन्म ग्वेनॅप. म्हणजे १८२७ च्या आसपासचा बाप्तिस्मा शोधायचा. १८१३ पासून बाप्तिस्म्याची वही छापील रकान्यांची झाली होती. मुलाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाचा धंदा, विधी करणाऱ्याचे नाव. बाईंनी पान उलटले, बोट खाली नेले आणि थांबल्या. मुलाचे नाव होते. आईचे नाव होते. बापाच्या नावाची जागा मोकळी. आणि बापाचा धंदा लिहायच्या रकान्यात दोन शब्द होते. अविवाहित स्त्री.

मी रकान्यांची माणूस, म्हणून मला वेगळेच दिसले. ती मुलगी काम करत होती. ग्वेनॅपच्या खाणींवर शेकडो मुली-बाया कामाला असत. त्यांना बॅल मेडन म्हणत. बॅल म्हणजे खाण. त्या खाली उतरत नसत. वर आलेला खनिजाचा दगड हातोड्याने फोडायचा, निवडायचा, धुवायचा. पाऊस, वारा, उघडे आकाश. डोक्याला मानेपर्यंत येणारी जाड टोपी, पायाला चिंध्या बांधलेल्या. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने मुलांच्या मजुरीची चौकशी केली तेव्हा डॉ. चार्ल्स बर्हम यांनी कॉर्नवॉलच्या खाणींवर हिंडून या मुलींच्या तोंडचे जबाब लिहून घेतले. ते छापलेले आहेत. पण चर्चच्या वहीत स्त्रीच्या कामाला रकानाच नव्हता. बापाचा धंदा विचारला जाई. बाप नसेल तर धंद्याच्या जागी तिची लाज लिहिली जाई. लग्नाच्या सरकारी नोंदीत वधूवरांच्या आयांची नावे इंग्लंड-वेल्समध्ये आली ती २०२१ च्या मे महिन्यात. आपल्या महाराष्ट्राने नावाच्या पुढे आईचे नाव सक्तीचे केले ते २०२४ मध्ये. दोघांनाही घाई नव्हती.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावाला हे आवडणार नाही."

तिथल्या दप्तरवाल्या मुलीने सुचवले की गरिबांच्या कायद्याचे कागद पाहा. जुन्या काळी कोणी निराधार झाला तर त्याला पोसण्याची जबाबदारी पॅरिशची असे, आणि त्यासाठी जमीनवाल्यांवर कर बसवला जाई. कर द्यायचा म्हटल्यावर प्रत्येक पॅरिशला एकच चिंता, हा माणूस आमचा की शेजारच्यांचा? १६६२ च्या कायद्याने परक्या पॅरिशच्या गरिबाला हाकलून देण्याचा अधिकार मिळाला. मग दोन न्यायाधीशांपुढे त्या माणसाला उभे करून विचारत, तू जन्मलास कुठे, वर्षभर सलग चाकरी कोणाकडे केलीस, भाड्याचे घर किती किमतीचे घेतलेस. बिनलग्नाच्या बाईचे मूल जिथे जन्मेल त्या पॅरिशचे होई. म्हणून दिवस भरत आलेल्या मुलींना हद्दीपलीकडे ढकलायची धडपड चाले. १८३४ मध्ये नवा कायदा येईपर्यंत असे चालले. माणुसकीतून नव्हे तर खर्चाच्या भीतीतून हे कागद जन्मले. पण त्यामुळेच ज्यांचे एरवी कोणी नावही घेतले नसते, त्यांची हकिगत दोन-दोन पाने लिहिली गेली.

आम्हाला तिचा जबाब सापडला, शेजारच्या एका पॅरिशच्या कागदांत. बाई मूळची तिथली. नऊ वर्षांची असताना खाणीवर लागली. मग एका शेतकऱ्याच्या घरी कामाला राहिली. त्या शेतकऱ्याच्या मुलाचे नाव तिने शपथेवर सांगितले होते. त्याच्याकडून लिहून घेतलेला करारही बरोबर होता. मुलासाठी आठवड्याला दीड शिलिंग. खाली त्या शेतकऱ्याच्या मुलाची झोकदार सही. आणि तिच्या जबाबाखाली फुली. आपल्याकडे अंगठा असतो तशी त्यांच्याकडे फुली. लिहिता न येणाऱ्याने ओढायची आणि कारकुनाने शेजारी 'हिची खूण' असे लिहायचे. फुलीची एक रेघ लांब, दुसरी तोकडी, आणि शेवटी शाईचा ठिपका. पेन दाबून धरले असावे. एकतीस वर्षांत मी हजारो अंगठे घेतले आहेत. घाबरलेल्या माणसाचा अंगठा मला ओळखू येतो.

एक गोष्ट या संदर्भात सांगितलीच पाहिजे. १६९७ साली इंग्लंडात कायदा झाला की पॅरिशचे अन्न खाणाऱ्या गरिबाने उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडाचे अक्षर शिवून हिंडावे. इंग्रजीतले 'पी', म्हणजे भिकारी, आणि त्याबरोबर पॅरिशच्या नावाचे पहिले अक्षर. बायकापोरांनीसुद्धा. तो कायदा १८१० मध्ये रद्द झाला. आपल्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. आपल्या पणजोबांच्या अंगावर काय काय बांधले होते ते आपण जाणतो. मात्र फरकही ध्यानात ठेवावा. तिकडे चार पैसे मिळू लागले की ते अक्षर उसवून टाकता येत होते, आणि मूल जन्मताना ते अंगावर घेऊन येत नव्हते.

या 'पी' चा एक गमतीशीर भागही आहे. १७८३ ते १७९४ या काळात सरकारने चर्चच्या वहीतल्या प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर बसवला. बाप्तिस्मा असो, लग्न असो, दफन असो. भिकाऱ्याला माफी. मग काय, त्या दहाअकरा वर्षांत वह्यांमध्ये नावाशेजारी 'पी' लिहिलेल्यांची संख्या एकाएकी वाढलेली दिसते! पुष्कळ जण खरेच गरीब होते, काहींनी तीन पेनी वाचवले, आणि पाद्र्याने डोळेझाक केली. त्यामुळे आज कोणाला आपल्या पूर्वजाच्या नावापुढे भिकारी लिहिलेले सापडले, तर आधी साल पाहावे, मग रडावे.

तिचे पुढे काय झाले? १८३१ मध्ये तिने एका खाणमजुराशी लग्न केले. पुन्हा फुली, नवऱ्याचीही फुली. मुलाने सावत्र बापाचे आडनाव लावले. तेच आडनाव आज बाईंचे. म्हणजे कॅप्टनांचे ते प्रसिद्ध आडनाव रक्ताचे नव्हतेच, एका मजुराने दुसऱ्याच्या पोराला दिलेले. हे कळल्यावर बाई प्रथमच हसल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही ग्वेनॅपला गेलो. चर्चच्या आवारात थडगी पुष्कळ, पण ती शेतकऱ्यांची, खाणीच्या भागीदारांची, कॅप्टनांची. खाणमजुराला दगड परवडत नसे. वहीत दफनाची नोंद असते, जमिनीवर नुसते गवत. नोंदीतली वये मात्र बोलतात. बावीस, एकतीस, अठ्ठावीस. कारण क्वचितच लिहिलेले. खाली दगडाची धूळ, उष्णता, भुसुरुंग. वर टोपीला मातीच्या गोळ्याने चिकटवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात काम. पाळी संपली की शिड्यांवरून तासभर चढत वर यायचे. ग्वेनॅपच्याच हद्दीत ट्रेसावीन खाणीत १८४२ मध्ये माणसे वरखाली नेणारे यंत्र कॉर्नवॉलमध्ये पहिल्यांदा बसले. वरखाली हलणारा लांब लाकडी दांडा, त्याला पायऱ्या. एका पायरीवरून बाजूच्या फळीवर आणि फळीवरून पुढच्या पायरीवर पाऊल टाकत माणूस वर येई. त्यातही पाय चुकला तर संपलेच. तरी मजुरांना ते वरदान वाटले, यावरून शिड्यांची कल्पना करा.

चर्चपासून दोनतीन मैलांवर ग्वेनॅप पिट आहे. जमीन खचून झालेला गोल खड्डा, आणि त्यात हिरवळीच्या पायऱ्यांची वर्तुळे. इथे जॉन वेस्ली याने १७६२ पासून १७८९ पर्यंत अठरा वेळा उघड्यावर प्रवचन दिले. पहिल्यांदा आला त्या दिवशी वारा फार, म्हणून लोक या खड्ड्यात बसले. पुढे खाणमजुरांची श्रद्धा प्रतिष्ठितांच्या चर्चपेक्षा या मेथडिस्ट पंथावर बसली. १८०६-०७ मध्ये लोकांनी त्याच्या आठवणीसाठी खड्डा नीट करून पायऱ्या घातल्या. मेथडिस्टांच्या रविवारच्या शाळेत किती मजुरांची पोरे अक्षरे शिकली ते बाईंच्या कागदांतच दिसते. खापरपणजोबांची लग्नातली सही वेडीवाकडी, पण सही आहे. आईची फुली, मुलाची सही. दोन कागद शेजारी ठेवून बाईंनी छायाचित्र काढले. शोध घेणाऱ्यासाठी मात्र मेथडिस्टांमुळे एक अडचण होते. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या वेगळ्या. पॅरिशच्या वहीत मूल नाही म्हणजे मूल झालेच नाही असे नव्हे. आणि १७५४ पासून १८३७ पर्यंत लग्न मात्र क्वेकर आणि ज्यू सोडून सगळ्यांना पॅरिशच्या चर्चमध्येच लावावे लागे, त्यामुळे नवरा-बायको इकडे आणि त्यांची पोरे तिकडे, असे हुडकावे लागते.

तिथेच पायरीवर बसून आम्ही पेस्टी खाल्ली. मांस, बटाटा, कांदा आणि स्वीड नावाचा सलगमासारखा कंद घालून केलेली मोठी करंजीच ती. मजुराची बायको पेस्टीच्या कोपऱ्यावर नवऱ्याच्या नावाची अक्षरे उठवी, असे सांगतात.

१८६६ मध्ये तांब्याचा भाव कोसळला. खाणी बंद पडल्या. पंपांची यंत्रे थांबली की खाणीत पाणी भरते आणि मग ती पुन्हा उघडत नाही. माणसे निघाली. अभ्यासक सांगतात की १८६१ पासून १९०१ पर्यंत दर दहा वर्षांत कॉर्नवॉलचे सुमारे एक पंचमांश पुरुष परदेशी जात होते. मिशिगन, दक्षिण ऑस्ट्रेलियातले मूंटा, पुढे जोहान्सबर्ग. मेक्सिकोत तर ते त्यापूर्वीच, १८२०च्या दशकात पोहोचले होते. म्हणून ग्वेनॅपच्या वहीत १८७० नंतर घरे अशी दिसतात. कुटुंबप्रमुख बायको, धंदा 'खाणमजुराची पत्नी', नवरा परदेशी. पैसे आले तर ठीक, नाही आले तर रेडरुथचे वर्कहाऊस.

बाईंचे पणजोबा कोलारला गेले ते असेच. ग्वेनॅपची मोठी कन्सॉलिडेटेड खाण १८१९ पासून जॉन टेलर याने चालवली होती. त्याच घराण्याच्या जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने १८८० च्या दशकात म्हैसूर संस्थानात कोलारची सोन्याची खाण हाती घेतली आणि ओळखीच्या कॉर्निश माणसांना देखरेखीवर नेले. खाणमजुराचा पोरगा इकडे येऊन कॅप्टन झाला. बंगला, नोकर, क्लब. हिंदुस्थानात मेलेल्या गोऱ्या माणसांच्या दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठवल्या जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बाई म्हणाल्या, "म्हणजे पणजोबा तिथे सापडतील." मी म्हटले, सापडतील.

"आणि त्यांच्या हाताखालची माणसे?"

मग मी त्यांना मला ठाऊक होते ते सांगितले. कोलारच्या खाणीत खाली उतरणारे बहुतेक मजूर तमिळ मुलखातून आलेले, उत्तर अर्काट भागातले आदि द्रविड, म्हणजे ज्यांना गावात अस्पृश्य म्हणत ते. गावच्या वतनदाराच्या तावडीतून सुटायला त्यांना ही खाण बरी वाटली, एवढे म्हटले म्हणजे गावाची कल्पना येईल. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. खडक फुटून माणसे गाडली जात. तिथल्या मजुरांनी १९०७ च्या सुमारास मारिकुप्पम येथे पंडित अयोथी दास यांच्या शाक्य बौद्ध संघाची शाखा काढली. आपल्याकडच्या १९५६ च्या जवळजवळ पन्नास वर्षे आधी! त्यांचीही नोंद ठेवायची कंपनीला एकदा फार हौस आली होती. १९३० मध्ये प्रत्येक मजुराच्या बोटांचे ठसे घ्यायचे ठरले. मजुरांना कळले की हे ठसे आपल्या नातवंडांना आजोबा सापडावेत म्हणून नाहीत. एका खाणीने काढलेल्याला दुसऱ्या खाणीने घेऊ नये म्हणून आहेत. हजारोंनी हत्यारे खाली ठेवली आणि तीन आठवडे खाणी बंद पाडल्या.

बाई ऐकत होत्या. फुलीचा कागद त्यांच्या मांडीवर होता. रेडरुथच्या स्टेशनवर गाडीला अजून अवकाश होता, तेवढ्यात त्यांनी भावाला फोन लावला. पलीकडचे मला ऐकू येत नव्हते, पण सूर कळत होता. भावाचे म्हणणे, वृक्ष पणजोबा कॅप्टनपासून सुरू करू, त्याच्या वरचे राहू दे. बाई म्हणाल्या, सगळ्यांत वर तिचे नाव जाईल, आणि धंदा म्हणून बॅल मेडन लिहिले जाईल, कारण नऊ वर्षांची असल्यापासून ती तेच करत होती. मग मुलाच्या बापाचे काय, असे भावाने विचारले असावे. बाई थोडा वेळ विचारात पडल्या आणि म्हणाल्या, "त्याचे नाव बाजूला, शिसपेन्सिलीने."

फोन ठेवून त्यांनी वही उघडली आणि मला विचारले, कोलारच्या त्या मजुरांची माहिती कुठे विचारावी. खाण २००१ च्या फेब्रुवारीत बंद झाली, पण त्यांची नातवंडे-पतवंडे अजून त्याच चाळींमध्ये राहतात, कागदापेक्षा तिथल्या म्हाताऱ्यांना विचारलेले बरे, असे मी सांगितले. त्यांनी मारिकुप्पम हा शब्द माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला आणि ऐकू आला तसा लिहून ठेवला.